पाव्हण्याला नाव विचारू नये

केरबा पोलेबद्दल मी सहा वर्षांत एक ओळही लिहिली नाही. हिंगोलीत माझं बातम्यांचं छोटं पोर्टल आहे, रोज दहा-बारा मजकूर माझ्या हाताखालून जातात. निवृत्त होणाऱ्या तलाठ्यांवर, बदलून चाललेल्या साहेबांवर, गेलेल्या पुढाऱ्यांवर मी भरभरून लिहिलं. त्यातल्या निम्म्या लोकांशी माझी धड ओळखही नव्हती. ज्याला ओळखत होतो, त्याच्यावर लिहायला बसलं की मला दुसरं काहीतरी काम आठवायचं. हा चुकारपणा आहे हे कळत होतं. कळून चालू ठेवला.

तो पहिल्यांदा आला तो प्रिंटर दुरुस्त करायला. त्या दिवसांत आम्ही पोर्टलवर 'जिल्ह्यातलं आवडतं भजनी मंडळ कोणतं?' असा कौल घेतला होता. बटण दाबा, मत द्या. नाव नाही, नंबर नाही. सकाळपासून आकडा असा चढत होता की मी खुर्चीतून उठायला तयार नव्हतो. टेबलाखाली वाकून तारा तपासणाऱ्या त्या किडकिडीत माणसालासुद्धा मी बोलावून पडदा दाखवला.

"बघा, एकट्या या गावाच्या मंडळाला किती मतं!"

त्यानं गळ्यातल्या चौकड्याच्या रुमालाला हात पुसले, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, त्या गावात एवढी माणसं न्हाईत."

"पुण्या-मुंबईला गेलेली धरून असतील."

"मेंढरं धरली तरी न्हाईत. माझ्या मावशीचं गाव हाय ते."

मग त्यानं खुर्ची ओढली आणि अर्ध्या तासात दाखवून दिलं की त्या गावाची जवळजवळ सगळी मतं पाच-सहा फोनांवरून आली आहेत. एकदा मत दिलं की आमचं पोर्टल त्या फोनमध्ये एक बारीक खूण ठेवायचं, म्हणजे दुसऱ्यांदा आला की ओळखता यावं. मंडळातले लोक ती खूण पुसायचे आणि परत बटण दाबायचे. "भजन झकास करतेत बरं का ते," केरबा म्हणाला, "पण आज टाळ सोडून बटन वाजवून राहिलेत."

प्रिंटर त्या दिवशी तसाच राहिला. पुढच्या आठवड्यापासून केरबा आमच्याकडे कामाला लागला.

केरबा हे त्याच्या आज्याचं नाव. तिशीतल्या, संगणकाची पदविका घेतलेल्या माणसाला ते कसंतरीच दिसतं असं ऑफिसात सगळ्यांना वाटायचं. कोणी म्हणालं की, बदलून घे रे, तर म्हणायचा, "काहून? आज्याला शेवटपर्यंत पुरलं. मला काय टोचून राहिलंय?" डोंगरकडा गावाच्या अलीकडच्या एका वाडीतलं धनगराचं घर. वडील तेव्हाही मेंढरं राखत होते. केरबा चपला दाराबाहेर काढून खुर्चीत मांडी घालून बसायचा. विचार करायचा झाला की उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. पहिल्या महिन्यात मला वाटायचं, माणूस रुसला की काय. तसा पाच-दहा मिनिटं उभा राहून "हां" असं म्हणायचा आणि परत मांडी घालायचा. त्या 'हां'ची आम्हाला इतकी सवय झाली की तो ऐकू आला नाही तर कोणी जेवायचा डबा उघडत नसे.

पोर्टलवर येणाऱ्याला सगळं जग व्हिजिटर म्हणतं. केरबा पाव्हणा म्हणायचा. "आज दुपारपर्यंत नऊशे पाव्हणे." "हा पाव्हणा दारातूनच वापस गेला, पान उघडायला टाइम लागला बघा." सुरुवातीला आम्ही हसायचो, नंतर आम्हीही तेच म्हणायला लागलो.

भजनी मंडळाचा घोळ झाल्यावर मी त्याला सोपा तोडगा सांगितला होता. मत देणाऱ्याचा मोबाइल नंबर घ्यायचा, त्यावर आकडा पाठवायचा, एक नंबर एक मत, झंझट खलास.

तो भिंतीकडे वळलासुद्धा नाही. "आमच्याकडं पाव्हणा आला तं आधी पाणी देतेत, भाऊ. नाव-गाव मागून, तो सांगंल तवा. दारातच नाव इचारलं तं भित्रा माणूस वापस जातो. लबाड जात न्हाई. लबाड धा नावं खिशात घेऊनच आलेला असतो."

"मग ओळखणार कसं?"

"ओळखायचं की. ओळखायला नाव कशाला लागतं? बाप माझा कळपात आपलं मेंढरू हुडकतो, त्याला कोण नाव सांगतं? खोडीवरनं ओळखतो. एक काट्याला थांबतं, एक पाण्यावर शेवटी जातं."

फोनच्याही खोडी असतात, हे मला त्याच्याकडून कळलं. पडदा केवढा, भाषा कोणती लावली, अक्षर मोठं केलंय का, ब्राउझरची कुठली आवृत्ती, घड्याळ कसं. एकेकटी खोड हजार जणांत सापडते, सगळ्या मिळून मात्र एकाच फोनाच्या निघतात. त्या सगळ्यांचा केरबा एक लांबलचक आकडा करायचा आणि फक्त तो आकडा ठेवायचा. आकड्यावरून फोन शोधता येत नसे. "हळद दळली की हळकुंड परत करता येत न्हाई, तसं," तो सांगायचा. "पण तेच हळकुंड पुन्ना दळायला आलं तं मला पिठावरनं कळतं."

त्याची ही चाळणी एकदा सपशेल फसली. बाजारातल्या एका दुकानदारानं दिवाळीत एकाच जातीचे, एकाच रंगाचे फोन खंडीभर विकले. गिऱ्हाइकाला काही येत नाही म्हणून तो प्रत्येक फोन स्वतः तयार करून द्यायचा. तीच भाषा, तेवढंच अक्षर, त्याच ठिकाणी तीच चित्रं. आमच्या पुढच्या कौलात ही सगळी माणसं चाळणीला एकच माणूस वाटली आणि एक मत धरून बाकीची गळाली. दोन-तीन लोकांनी फोन केला तेव्हा केरबा उठला आणि त्या दुकानात जाऊन स्टुलावर बसून आला. परत येऊन म्हणाला, "भाऊ, माझीच चाळणी खोटी. तो माणूस फोनाला असा सजवतो, जशी शाळेच्या फोटोला लेकरं. सगळ्यांचा भांग एकीकडंच."

निकाल चुकला असं त्यानं पोर्टलवर ठळक टाकलं आणि कौल परत घेतला. मी चिडलो होतो. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, दवंडी पिटायची काय गरज? तो म्हणाला, "लोकायला कळलं न्हाई म्हणून आपल्यालाबी कळलं न्हाई, असं करता येत असतं तं लई सोपं झालं असतं."

आता सोजरबाईंची गोष्ट सांगायला हवी. कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं.

'आवडती अंगणवाडीताई' असा कौल होता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ऑफिससमोर एक रिक्षा येऊन थांबली आणि तिच्यातून इतक्या बाया उतरल्या की रस्त्यावरचे लोक मोजायला लागले. पुढं सोजरबाई, साठीच्या, कपाळाला मोठं कुंकू, हातात फडक्यात गुंडाळलेला एक फोन.

"मशीनवाला कोण हाय इथला?"

केरबा मांडी मोडून उठला. "मी, मावशी. बसा आधी."

"बसायला न्हाई आलो. आमी एकेचाळीस जणी. आमच्या गल्लीत ह्यो एकच फोन. मी घरोघर फिरले, एकेकीच्या हातात देला, जिचं मत तिनं देलं. तुमच्या मशीनीनं एक धरलं. बाकीच्या चाळीस काय मेल्या व्हय रे?"

"न्हाई मावशी. मशीनीला दिसल्या न्हाईत."

"तुला दिसून राहिल्या ना?"

"दिसून राहिल्या."

"मंग मोज!"

त्यानं खरंच मोजलं. उभ्या असलेल्या तेरा बायांची मतं कागदावर घेतली, आणि उरलेल्यांसाठी दुसऱ्या दिवशी बसनं त्या गावी गेला. त्यांच्या अंगणवाडीच्या ताई काही निवडून आल्या नाहीत, चौथ्या आल्या. सोजरबाई म्हणाल्या, "चवथी तं चवथी. खरी चवथी हाय ना?"

त्यानंतर केरबा दोन दिवस भिंतीकडे तोंड करून उभा होता म्हटलं तरी चालेल. ओळखण्याच्या नादात आपण माणसांऐवजी फोन मोजतोय, हे त्याला लागलं होतं. मग त्यानं नवी रीत काढली. एकाच फोनावरून किंवा संगणकावरून दुसरं मत आलं की ते फेकायचं नाही, बाजूला ठेवायचं. आणि पडद्यावर एक ओळ येईल: 'इथून आधी एक मत आलं आहे. तुम्ही वेगळ्या व्यक्ती असाल तर आपलं नाव लिहा. हे नाव फक्त मोजणारा पाहील आणि निकालानंतर पुसून टाकील.'

ती ओळ त्यानं वीस वेळा खोडली असेल. "नाव इचारायची पाळी आलीच शेवटी," मी त्याला चिडवलं.

"म्हणून तं लिहून राहिलोय काय करणार त्याचं. शब्द देऊन इचारायचं."

नावं एका कुलूपबंद फाइलीत, मतं दुसरीकडे. फाइलीची किल्ली म्हणजे एक लांब शब्द, तो त्याच्या डोक्यात. एक प्रत त्यानं पाकिटात घालून, डिंकानं चिकटवून माझ्याकडे दिली. "मी आजारी पडलो, कुठं अडकलो, तरच उघडा. दुसऱ्या कशाला न्हाई."

मी ते माझ्या कपाटात ठेवलं.

जवळच्या एका गावात एका शिक्षण संस्थेची मुलींची शाळा होती. संस्थेचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. ती शाळा गावातून हलवून बारा किलोमीटरवरच्या संस्थेच्या मोठ्या आवारात न्यायचं अध्यक्षांनी ठरवलं. मुलींना बसनं जावं लागणार होतं आणि त्या गावाला बस सकाळी एक, संध्याकाळी एक. आम्ही कौल घेतला: शाळा हलवावी की हलवू नये?

'हलवू नये'ची मतं धो-धो आली. त्यात नऊ मतं त्या शाळेच्याच शिक्षकांच्या खोलीतली. खोलीत एकच संगणक. पहिलं मत सरळ मोजलं गेलं, पुढच्या आठ जणांना केरबाची ती ओळ दिसली. आठांनी नावं लिहिली. पहिल्या मतामागे कोण होतं ते कळत नव्हतं, पण सुलभा मॅडमनी फोन करून केरबाला सांगितलं, "पहिलं माझं होतं. माझंही नाव लिहून ठेव, उगाच शंका नको." गणित शिकवायच्या. केरबाची बहीण त्यांच्याकडे शिकलेली. आणि त्या खोलीत एकट्या त्याच कंत्राटावर होत्या, दर जूनला नवा आदेश.

केरबा माझ्याकडे आला. एरवी दारातून बोलणारा माणूस आत येऊन बसला.

"भाऊ, नावं एकीकडं, मतं एकीकडं ठेवून ह्या वक्ताला उपेग न्हाई. नऊच्या नऊ मतं एकाच बाजूची हायत. ज्याला नावं घावली, त्याला मतं घावली. मी पडताळा केलाय. आजच पुसतो, निकालापर्यंत थांबत न्हाई."

मी म्हणालो, "राहू दे दोन दिवस."

"काहून?"

"कोणी हरकत घेतली तर दाखवायला पुरावा नको का?"

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "बराबर हाय, तुमी मालक," आणि गेला. हे 'मालक' त्यानं मला एकदाच म्हटलं.

खरं असं होतं की आदल्या दिवशीच अध्यक्षांचा फोन येऊन गेला होता.

"संपादक, तुमचा कौल बघून राहिलो. समदा बोगस हाय."

"नाही साहेब, आमचा माणूस तपासतो एकेक मत."

"मंग त्याचा तपास आमालाबी दावा की. माझी खात्री पटली तं मी स्वतः जाहीर करतो, लोकांचा कौल मान्य." थोडं थांबून ते म्हणाले, "वहिनी बऱ्या हायत ना? जायला-यायला तकलीफ न्हाई ना काही?"

माझी बायको त्याच संस्थेच्या हिंगोलीतल्या प्राथमिक शाळेत होती. घरापासून पाच मिनिटांवर. संस्थेच्या शाळा अगदी दूर कनेरगाव नाक्यापर्यंत पसरलेल्या, बदली कुठंही होऊ शकत होती.

त्यांनी धमकी दिली असं लिहून मला सुटता येईल. पण दिली नाही. त्यांनी बायकोची चौकशी केली, एवढंच. बाकीचं सगळं माझ्या मनानं जोडलं, आणि मग मनानंच त्याला कारणंही दिली: मतं खरी आहेत हे सिद्ध होईल, शाळा वाचेल, मोठ्या माणसाचा गैरसमज दूर होईल. मंगळवारी दुपारी केरबा जेवायला गेला असताना मी कपाटातलं पाकीट फोडलं, फाइल उघडली, यादी छापली आणि स्वतः नेऊन दिली. अध्यक्षांनी ती न वाचता घडी करून खिशात ठेवली. तेव्हाच मला समजायला हवं होतं. समजलंही असेल.

शाळा हलली. आठ जणांना एकेक करून बोलावणं गेलं, कोणाची बदली झाली, कोणी माफी लिहून दिली. जूनमध्ये सुलभा मॅडमच्या नावाचा आदेश निघाला नाही. अकरा वर्षं एका शाळेत शिकवलेली बाई पंचेचाळिसाव्या वर्षी घरी बसली.

माझ्या बायकोची शाळा पाच मिनिटांवरच राहिली.

यादी फुटली हे सगळ्यांना कळलं, आणि कोणी फोडली याबद्दल कोणाला शंका नव्हती. किल्ली कोणाकडे होती? पोलेकडे. एका दुपारी सुलभा मॅडम ऑफिसात आल्या. माझी खोली म्हणजे प्लायवुडचा आडोसा, पलीकडचा श्वाससुद्धा ऐकू येतो. मी आत होतो.

"केरबा, मी तुझ्या शब्दावर नाव दिलं होतं."

"व्हय मॅडम."

"तुझ्या बहिणीला मी शिकवलंय रे."

"व्हय."

"काहीतरी बोल तरी! खोटं तरी बोल!"

मग केरबा म्हणाला, "शब्द माझा हुता, मॅडम. तुटला तं माझाच तुटला. दुसऱ्याकडं बोट दावून तुमची नोकरी वापस येणार न्हाई."

त्या गेल्या. दार ढकलून केरबा आत आला, दार लावून घेतलं आणि उभाच राहिला.

"फाइल मंगळवारी दोन वाजून धा मिन्टाला उघडली. ह्या मशीनीवरनं. कागदबी छापला."

मी पंख्याचं बटण फिरवलं. एकावरून दोनवर, दोनावरून तीनवर. मला आजही आठवतं, माझा हात बटणावर होता आणि मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "फार गरम होतंय."

"मी कोणालाच सांगणार न्हाई, भाऊ. पाव्हणे ओळखायचं माझं काम हुतं, नावं पुकारायचं न्हाई. पण तुमी सांगा. तुमच्या तोंडानं. आज न्हाई तं उद्या सांगा."

पाच दिवस तो कामावर येत राहिला. रोज आला की माझ्या दाराकडे एकदा बघायचा आणि कामाला बसायचा. सहाव्या दिवशी आला नाही. टेबलावर सगळ्या किल्ल्यांचे शब्द सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले होते, आणि शेवटी सूचना: 'हे सगळे आजच बदलून घ्या.'

एवढं असतं तर एक चूक म्हणून मी ती गिळली असती. पण दोन वर्षांनी एका पतपेढीतून मला फोन आला. तिथं केरबानं संगणक विभागात अर्ज केला होता. व्यवस्थापक माझ्या ओळखीचे. त्यांनी मोकळेपणानं विचारलं, "माणूस कसा आहे? ते यादीचं प्रकरण खरं आहे का? आमच्याकडे खातेदारांची सगळी माहिती असते, म्हणून विचारतो."

एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "कामाला फार हुशार आहे."

"ते नाही विचारलं मी."

"हुशार आहे," मी परत म्हणालो. ते म्हणाले, "समजलं." त्याला ती नोकरी मिळाली नाही. यादी दिली तेव्हा मी घाबरलेलो होतो. या फोनच्या वेळी कसलीच भीती नव्हती, नुसती सवय झाली होती. म्हणून मला दुसरा गुन्हा पहिल्यापेक्षा मोठा वाटतो.

आता का सांगतोय, तेही प्रामाणिकपणे लिहितो. गेल्या उन्हाळ्यात बायकोनं गुडघ्यांमुळे स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता संस्था आमचं काही वाकडं करू शकत नाही. म्हणजे मला धैर्य आलं असं कोणी समजू नये. तिला मी सगळं सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिनं सगळी जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, "सहा वर्षं मी त्या शाळेत पाच मिनिटांत जात होते, ते असं होय." आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी पोर्टलवर सगळ्यात वर, माझ्या नावानं, चार ओळींचं निवेदन टाकलं. यादी केरबा पोले यांनी दिली नव्हती. मी दिली. पतपेढीच्या व्यवस्थापकांना स्वतंत्र पत्र लिहिलं. आणि डोंगरकड्याला निघालो.

केरबाचं तिथं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. रस्त्याला लागून, एका गाळ्यात. विम्याचे अर्ज, पेन्शनचे अर्ज, अंगठा लावून खात्री करायची कामं. कानाजवळचे केस पिकले होते, चष्मा लागला होता, खुर्चीत मांडी तशीच. मला पाहून त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "नंबरानं या, भाऊ."

माझ्या पुढे सात माणसं होती. मी उभा राहिलो. मनात म्हणायची वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक माणूस पुढे सरकला की त्यातलं एकेक गळत होतं.

"बोला."

"केरबा, मी पोर्टलवर टाकलंय."

"वाचलं. चौघा-पाच जणांनी पाठवलं सकाळधरनं."

"मला तुझी—"

"सुलभा मॅडमकडं जाऊन आले का?"

"नाही. आधी तुझ्याकडं यावं म्हटलं."

त्यानं चष्मा काढला. रागावला नव्हता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. "माझ्याकडं काहून आधी? मी तं तुमालाबी ओळखून हुतो आणि मलाबी. सहा वर्षं मला कोडं पडलं न्हाई. त्या बाईनं रोज कोडं घातलं असंल, की ह्या पोरानं असं काहून केलं. तुमी इथं टाइम घालून राहिले." मग माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, "पुढचं कोण हाय?"

तिथून मी सरळ सुलभा मॅडमकडे गेलो. आता त्या कळमनुरीत घरीच शिकवण्या घेतात. तिथं काय बोलणं झालं ते त्यांचं आहे, ते मी लिहिणार नाही. एवढंच, की दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः केरबाला फोन केला, हे मला त्यांच्याकडून कळलं.

पण केरबा मला शेवटचा दिसला तो त्या दिवशी डोंगरकड्याला, गाडीत बसायच्या आधी मागे वळून पाहिलं तेव्हा. माझ्यामागून एक म्हातारी पुढे गेली होती. पेन्शनसाठी तिचा अंगठा लागत होता. आयुष्यभर कामात झिजलेला अंगठा, यंत्र तीनदा नाही म्हणालं. रांगेतलं कोणीतरी म्हणालं, "आजी, उद्या या, आमचं होऊ द्या." केरबा खुर्चीतून उतरला, गाळ्याबाहेर आला आणि तिच्यासमोर जमिनीवर उकिडवा बसला. ओल्या फडक्यानं तिचा अंगठा हळूहळू पुसू लागला, एकेक रेघ कोरावी तसा.

"मीच हाये रे लेकरा," म्हातारी काकुळतीनं म्हणत होती. "कालबी मीच हुते, आजबी मीच हाये."

"म्हाईत हाय मला, आजी. जोर देऊ नका. नुसतं टेकवा."

त्यानं तिचा हात आपल्या हातात धरून यंत्रावर टेकवला आणि दोघंही श्वास धरून त्या इवल्याशा दिव्याकडे बघत राहिले. दिवा हिरवा झाला की नाही, ते मला दिसलं नाही. रांगेतला माणूस मधे येऊन उभा राहिला होता.